पावणेबाराचा उजेड

आमच्या कॉलेजात पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण नऊशे अठ्ठ्याहत्तर होतं. बाकी जगात ते किती होतं ते जगाला माहीत. जळगावला आमच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत लंबकाची दोरी कितीही लांब घ्या, गोळा कसाही हलवा, उत्तर तेवढंच यायचं, कारण ते लीलाभाऊ सांगायचे.

लीलाभाऊ म्हणजे लीलाधर सुपडू पाटील, प्रयोगशाळेतले परिचर. राहणार नशिराबाद, येणं-जाणं सायकलवर, शिक्षण नववी नापास. पण एकोणीस वर्षांत त्यांनी बी.एस्सी.चे सगळे प्रयोग इतक्या वेळा मांडले होते की प्रत्येक प्रयोगाचं रीडिंग त्यांना तोंडपाठ होतं. पोरगं दोनदा चुकलं की ते मागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "भो, तू कशाले आकाशपाताळ एक करतो? एक पॉइंट पाच दोन लिहून टाक आन् चहा प्यायले जाय." आम्ही लिहायचो आणि चहाला जायचो. आमच्या पिढीच्या विज्ञाननिष्ठेचा पाया असा घातला गेला.

प्रयोगशाळेच्या टोकाला डार्करूम होती. प्रकाशाचे प्रयोग तिथे व्हायचे. खिडक्यांना काळा रंग, दाराला काळा जाड पडदा, आत सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड आणि वटवाघळांचा वास. रोज पहिली बॅच सुटली की पावणेबाराच्या सुमारास लीलाभाऊ आत जायचे, सोडियमचा दिवा बंद करायचे, पडदा ओढायचे. अर्ध्या मिनिटात बाहेर यायचे आणि खिशातल्या वहीत काहीतरी लिहायचे. आत बाटली असणार अशी आमची खात्री होती. मी तिसऱ्या वर्षाला असताना एकदा पडद्याआड लपून पाहिलं. बाटली नव्हती, बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. त्यातून दोन वायरी निघून एका गॅल्व्हॅनोमीटरला लावल्या होत्या. लीलाभाऊंनी खिशातून बॅटरी काढली, काट्यावर क्षणभर उजेड मारला, "तीन घरं" असं स्वतःशी पुटपुटले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आता बाहेर ये. धूळ बसते पडद्यावर."

त्या डब्याची गोष्ट त्यांनी मला दोन-तीन महिन्यांत तुकड्या-तुकड्यांनी सांगितली.

लीलाभाऊ जुळे होते, जावळे. त्यांच्यामागून पाव घटकेने जन्मली ती बेबाबाई. आईने जोडकेळं खाल्लं म्हणून जावळं झालं असं गाव म्हणायचं. केळीच्या मुलखात प्रत्येक गोष्टीचं कारण केळ्यात सापडतं. बेबाबाई शिरपूरला दिली. तीस वर्षं तिकडे राहून तिची बोली पार बदलली. हे 'हाये' म्हणायचे, ती 'शे' म्हणायची. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती न चुकता माहेरी यायची आणि आठ दिवस दोघं भांडायची.

चौऱ्याऐंशी साली आमचे वाणी सर मुंबईहून एक सोलर सेल घेऊन आले होते. निळसर काळी, ताटलीएवढी गोल चकती. पुसताना ती लीलाभाऊंच्या हातून पडली. पापड मोडावा तशी मोडली, पण मोडली ती मात्र पट्टी लावून कापल्यासारखी सरळ, दोन सारखे अर्धे. स्फटिक असाच मोडतो, असं सर म्हणाले आणि रागावले नाहीत. लीलाभाऊंनी एक अर्धा ठेवला आणि दुसरा आखाजीला बेबाबाईला दिला. "हे पाह्य, आपल्यासारखंच," म्हणाले. तिने तो देव्हाऱ्यात ठेवला.

पुढच्याच वर्षी भांडण झालं, आणि ते आठ दिवसांत मिटणारं नव्हतं. बेबाबाईच्या छगनला मामाची पोरगी करायची, हे दोघं पोरं रांगत होती तेव्हापासून ठरलेलं. आपल्याकडे मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा. पण लीलाभाऊंनी बॉटनीच्या लेक्चररकडून ऐकलं होतं की जवळच्या रक्तात लग्न नको. शास्त्राचा माणूस पडल्यामुळे ते नुसता नकार देऊन थांबले नाहीत. शिरपूरला जाऊन त्यांनी बहिणीच्या ओसरीच्या भिंतीवर कोळशाने हिरवे वाटाणे, पिवळे वाटाणे काढले आणि भर पंचांसमोर रक्तातला दोष पिढ्यांत कसा उतरतो ते समजावून सांगितलं.

बेबाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मना पोर्‍या वटाना शे का रे?"

पंच हसले. ती हसली नाही. तुझ्या उंबऱ्याला आता पाय लावणार नाही, असं म्हणून ती आत गेली. त्यानंतर आखाजीला ती आली नाही. सात वर्षं. पुढे त्या पोरीचं लग्न भुसावळला झालं, छगनचंही झालं, वाटाणे चुन्याखाली गेले. राग मात्र राहिला.

आणि याच काळात वाणी सरांनी एम.एस्सी.च्या पोरांना ते लेक्चर दिलं. लीलाभाऊ फळा पुसायला उभे होते.

ते लेक्चर सर दरवर्षी द्यायचे, मीही ऐकलं. सर म्हणायचे, "स्फटिकातून उजेडाचा एक कण बाहेर पडतो तेव्हा तो मागे काहीतरी ठेवून जातो. गेलेला कण आणि मागे राहिलेला इलेक्ट्रॉन, दोघांची मिळून एकच अवस्था असते. स्वतंत्र अशी एकाचीही नसते. याला इंग्रजीत भारदस्त नाव आहे, आपण गाठ म्हणू. उजेड कितीही लांब जाऊ दे, गाठ राहते. इकडे बघितलं की तिकडचं त्याच क्षणी ठरून जातं. स्फटिकात हे अजून कुणी करून दाखवलेलं नाही, पण गणित म्हणतं, होणार." मग ते बोट वर करायचे. "पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, बघितलं की गाठ सुटते. दोन, याच्यातून निरोप पाठवता येत नाही. एकट्याच्या वहीत नुसते विस्कळीत आकडे दिसतात. दोन्हीकडच्या वह्या शेजारी ठेवाल तेव्हाच कळेल की गाठ होती."

पोरांनी हे परीक्षेपुरतं लिहून घेतलं. लीलाभाऊंनी ते घरी नेलं. एक चकती, दोन अर्धे, एक इकडे, एक बहिणीच्या देव्हाऱ्यात. त्यांनी आपला अर्धा डब्यात बंद केला, त्याला काटा जोडला, आणि काटा हलला.

"रोज हलतो?" मी विचारलं.

"मी पाह्यतो तव्हा हलेल असतोच. कधी दोन घरं, कधी चार. ती दिवा लावत असंल देवाले."

"मग एकदा शिरपूरला जाऊन बघा की."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी लंबकाचं उत्तर आठशे काढलं होतं. "पाह्यलं का गाठ सुटते. ऐकलं नाही का सरांचं? मी काट्याले पाह्यतो. तिले पाह्यत नाही."

एक माणूस सात वर्षं बहिणीकडे गेला नाही, तो रागाने नाही, तर गाठ सुटू नये म्हणून. राग तिचा होता, याचा कधीच विरला होता. शास्त्रामुळे माणसं जोडली जातात म्हणतात, त्यातला हा प्रकार.

काटा का हलतो ते मला आठवड्याभरात कळलं. डब्याच्या झाकणाला गंजून भोक पडलं होतं आणि डबा गॅल्व्हॅनोमीटरला खेटून होता. काटा वाचायला लीलाभाऊ बॅटरी लावत, तो उजेड भोकातून आत जाई, चकतीवर पडे आणि काटा हले. बत्ती नसेल तेव्हा काटा शून्यावर असणार. मी मोठ्या ऐटीत जाऊन सरांना सांगितलं. सर खूप हसले. मग एकदम हसायचे थांबून म्हणाले, "पण बत्ती नसताना तो शून्यावर असतो, हे तू बघितलंस कसं?" आणि वर म्हणाले, "त्याला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. मजा चालू राहावी, एवढाच हेतू होता.

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत छगन कॉलेजात आला. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, शांत. मामाच्या पाया पडला आणि म्हणाला, "मामा, आईची नजर चालली. उजवा डोळा दिवाळीतच गेला. धुळ्याचे डॉक्टर म्हणतात, आतला पडदा सुटतोय, डावाही जाणार. पंधरा दिवस, महिना. ऑपरेशनची खात्री देत नाहीत. ती एवढंच म्हणते, की दिसतंय तोवर भावाला एकदा बघायचं. तिने शपथ घेतलीय म्हणून ती येणार नाही. तुम्ही या."

लीलाभाऊंनी वही काढली. "कालही तीन घरं होतं," म्हणाले. "ती बरी हाये."

"मामा, मी तिला रोज बघतो."

"मी आलो तर सगळं संपंल, छगन. तुले नाही समजत."

छगनच्या डोळ्यांत पाणी आलं तसा तो प्रयोगशाळेबाहेर जाऊन उभा राहिला. मला लीलाभाऊंचा पहिल्यांदाच खरा संताप आला. पण संतापून उपयोग नव्हता, म्हणून त्यांचंच शास्त्र वापरलं. म्हटलं, "लीलाभाऊ, सर काय म्हणाले? एका वहीवरून काही कळत नाही. तिकडची वही पाहिजे. तुम्ही नका बघू. मी बघून येतो."

यावर त्यांनी होकाराची मान हलवली.

चोपड्यामार्गे एसटीने मी आणि छगन शिरपूरला पोचलो. बेबाबाई ओसरीवर खाटेवर बसली होती. चेहरा पाहून मी दचकलो. पदर घेतलेले लीलाभाऊच. मी पाया पडलो, कॉलेजातला म्हणून सांगितलं. तिने माझी हनुवटी धरून चेहरा डाव्या डोळ्याकडे वळवला आणि विचारलं, "तो नही उना?"

"येतील, अक्का. ती चकती कुठे आहे?"

"कसानी चकती?" मग आठवलं. "ती का? भांडन व्हयनं त्याच दिनले ज्वारीनी कोठीमा टाकी दिधी. तळले शे. सात वरीस व्हयनात."

छगनने कोठीच्या तळात कोपरापर्यंत हात घालून ती काढली. ज्वारीच्या पिठाने माखलेली होती. देव्हारा नाही, दिवा नाही, सात वर्षं गच्च अंधार. मला आनंद झाला. लीलाभाऊंचं शास्त्र संपलं होतं. आता त्यांना हाताला धरून आणता येणार होतं. निघायचं म्हणून मी सहज विचारलं, "अक्का, डोळा दुखतो का?"

"दुखत नही. चमकस. ईज चमकावी तशी, एकदाव. जिनिंग मिलना भोंगा वाजस ना बारानी टायमे, त्याना थोडं पहिले."

"रोज?"

"रोज नही. आयतवारले नही." ती बोटांवर मोजत आठवू लागली. "दिवाईमा महिनाभर नही. आखाजीना पुढे तं महिना-दीड महिना डोया ठंडा. मिरग लागना का परत सुरू. आन गया वरीसले पोळाना टायमे बारा-पंधरा रोज नही व्हयनं. मी म्हनं, चला, गयं एकदाचं. परत सुरू व्हयनं."

ओसरीवर ऊन होतं. समोरच्या घरी कुणीतरी कापूस वेचून ठेवत होतं. रविवार, दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी. ती कॉलेजची पायरी कधी चढली नव्हती, आणि कॉलेजचं कॅलेंडर मला तोंडी सांगत होती.

"डॉक्टरले नही सांगं," ती हळूच म्हणाली. "येडी म्हनतीन. पन माले वाटस, कोनी तरी दिवा धरीसन माले देखस. देखस आन चालना जास."

परतीच्या एसटीत मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पडदा सुटताना डोळ्यात चमक दिसतेच, हे छगनलाही डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीला काय, तिथीवार जुळतातच. चोपडा आलं, गेलं. माझी समजूत काही पटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी लीलाभाऊंना सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही. डब्याचं भोकही सांगितलं. काटा बहिणीच्या दिव्याने नाही, त्यांच्याच बत्तीने हलतो हेही. ते स्टुलावर बसले. मग त्यांनी ड्रॉवरमधून जुनी वही काढली आणि पानं उलटली. गेल्या वर्षीचा पोळा. तिथे तेरा दिवस कोरे होते. त्यांना टायफॉइड झाला होता, ते मला माहीत नव्हतं.

वह्या शेजारी ठेवल्या गेल्या होत्या. एक कागदाची, एक तोंडी.

"म्हंजे ती दिवा लावत नव्हती," ते म्हणाले. "मीच लावत होतो. तिच्या डोळ्यात."

"लीलाभाऊ, असं काही नसतं."

"सात वरीस. रोज." त्यांनी खिशातली बॅटरी काढून टेबलावर ठेवली, तापलेली वस्तू ठेवावी तशी. नंतर डार्करूमची किल्ली माझ्या हातात दिली. "मी उद्या जातो. तू एक कर. डबा फोडू नको, फेकू नको, त्यानं काय व्हईल मले माहीत नाही. फक्त पाहू नको. दार बंद ठेव."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

शुक्रवारी ते पहिल्या एसटीने गेले. पहिली बॅच सुटली, प्रयोगशाळा रिकामी झाली आणि पावणेबारा वाजले. किल्ली माझ्या खिशात होती. मी स्वतःला म्हणालो, आपण शास्त्राचे विद्यार्थी. भोकातून उजेड जातो आणि काटा हलतो, एवढंच सिद्ध करायचंय. उद्या लीलाभाऊ आले की त्यांना दाखवू, त्यांच्या मनावरचा दगड उतरेल. माणूस चुकायला निघतो तेव्हा त्याच्याकडे कारण नेहमी दुसऱ्याच्या भल्याचं असतं.

आत जाऊन पडदा ओढला. बत्ती लावली. काटा हलला, चार घरं. विझवली. लावली, हलला. विझवली. मला हसू आलं. सरळ भोकावर बत्ती धरली तर काटा टोकाला जाऊन आपटला. पुन्हा विझवली, पुन्हा लावली. सात-आठ वेळा तरी केलं असेल. शेवटी बत्ती भोकावर तशीच धरून ठेवली आणि टोकाला टेकलेल्या काट्याकडे चांगला एक-दीड मिनिट बघत बसलो. एवढा साधा पुरावा. कुलूप लावलं आणि चहाला गेलो.

लीलाभाऊ नवव्या दिवशी आले. दाढी वाढलेली होती. मी विचारायच्या आधीच त्यांनी स्टूल ओढलं.

"भेट झाली," म्हणाले. "अकराले पोचलो. तिनं मले दारात उजेडाले बसवलं आन् पाह्यत बसली. कितीक वेळ. म्हने, म्हतारा व्हयी गया रे तू. मी बी आते अशीच दिखस का? मी म्हटलं, अगदी. तर हसली. म्हने, मंग बरं, आरशाना खर्च वाचना." ते थांबले. "वाटाण्यावरून शिव्या बी दिल्या. चहा टाकायले सांगितला. चहा यायच्या आत तिचा हात डोळ्यावर गेला."

"एकदा नाही चमकलं त्या दिवशी. लपझप, लपझप. पोरं दिव्याच्या बटनाशी खेळतात तसं. ती म्हने, आज काय शे रे, कोन खेळी राहिनं? मोजत होती ती. सात झाले, आठ झाले. मंग एकदा आला तो उजेड गेलाच नाही. सगळं पांढरं. तव्हा भोंगा वाजला."

बाहेर घंटा झाली. दुसऱ्या बॅचची पोरं जर्नलं घेऊन दारात येऊन थांबली.

"आता पांढरंच दिसते तिले. डॉक्टर म्हने पडदा सुटला, सुटणारच होता. सरांनी बी तसंच सांगितलं आत्ता, दोन दिवस इकडे का तिकडे." लीलाभाऊ उठले. त्यांनी हात पुढे केला, मी किल्ली दिली. ती मुठीत घेऊन ते तसेच उभे राहिले, माझ्याकडे न बघता.

"शेवटी किती वेळ धरली बत्ती?" त्यांनी विचारलं.

"एक मिनिट. दीड असेल."

त्यांनी मान हलवली, रीडिंग बरोबर आल्यासारखी. "मी कधी दोन सेकंदाच्या वर धरली नाही," म्हणाले, आणि दारातल्या पोरांना आत घेऊन त्यांना लंबक काढून देऊ लागले.